चुकीच्या अमिबाचा ठपका

‘प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा,’ असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. मिठाईच्या खोक्यात, वरती सोनेरी रिबीन बांधून संडासचा नमुना घेऊन आलेले एक शेठ आहेत. सासूचा नमुना मागितला तर “त्यांना होतच नाहीये, म्हणून माझाच आणला, घर एकच आहे ना,” असं म्हणणारी एक सून आहे. त्याच लिहायच्या म्हणून मी बसले होते. पण लिहायला घेतलं की विमलबाई समोर येऊन उभ्या राहतात आणि माझं डोकं तापतं. तेव्हा गमती राहू देत. मला जे लिहावंसं वाटतं ते लिहिते.

सुरतेतल्या एका धर्मादाय इस्पितळाच्या लॅबमध्ये मी तीसएक वर्षं टेक्निशियन होते. माहेर अमळनेरकडचं. वडील लूमवर कामाला म्हणून इथे आले आणि आम्ही सुरतचे झालो. घर डिंडोलीत. लॅबमध्ये रक्त, लघवी, थुंकी सगळंच तपासलं, पण माझं नाव झालं ते संडासच्या तपासणीत. गुजरातीत त्याला ‘झाडो’ म्हणतात. “झाडावाळां बेन क्यां छे?” अशी माझी चौकशी व्हायची. नवीन आलेल्या मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या. मी म्हणायचे, हसा, पण खुर्ची इकडे ओढा आणि बघा. माणूस खोटं बोलतो, त्याचं पोट बोलत नाही.

ज्यांनी लॅब फक्त खिडकीच्या बाहेरून पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे काचपट्टीवर एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला आयोडीन, त्यात काडीच्या टोकावर मावेल एवढा नमुना मिसळायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. नमुना ताजा असेल तर जिवंत प्राणी पोहताना दिसतात. पण काडीच्या टोकावर काय येणार? घरात साप आहे का हे उंबऱ्यावर उभं राहून बघण्यातला प्रकार. दुसरी पद्धत नमुना घट्ट करण्याची. तो गाळायचा, फॉर्मालिन आणि ईथर घालून सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवायचा आणि तळाला बसलेला गाळ तपासायचा. यात जिवंत प्राणी मरतात, वळवळ दिसत नाही, पण जंतांची मोजकी अंडी असली तरी हाताला लागतात. मेहनत आहे, वास आहे, म्हणून बहुतेक लॅब ही करत नाहीत. तिसरी पद्धत किटची. खाचांच्या प्लेटमध्ये नमुना घालायचा. ज्या जंतूसाठी किट बनवली आहे तो असेल तर खाच पिवळी होते. किटला दुसरं काही दिसत नाही. शेजारी हातभर जंत बसलेला असला तरी ती गप्प.

आमच्या विभागप्रमुख डॉक्टर हेमाबेन. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. कोरोना ओसरल्यानंतर एका कंपनीने दोन किट वापरून बघायला दिल्या, एक अमिबाची आणि एक जिआर्डिया या जुलाब करणाऱ्या जंतूची. मॅडमनी मला बोलावलं.

“लताबेन, येईल तो नमुना तिन्ही पद्धतींनी करायचा. कोण काय पकडतं आणि कोण काय सोडतं ते बघू.”

“काम तिप्पट होईल, मॅडम.”

“होऊ दे. आपण इतकी वर्षं जे रिपोर्ट देतोय ते खरे किती, हे तरी कळेल.”

मला हे काम मनापासून आवडलं. आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की गोंधळ जंतांपेक्षा अमिबाचा मोठा आहे. आमांश करणारा एक अमिबा असतो आणि अगदी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक असतो. दुसरा निरुपद्रवी. पोटात राहतो, खातो-पितो, कुणाला त्रास देत नाही. दोघांचं गोल कवच सारखं, आतली चार केंद्रकं सारखी. या कवचाला आम्ही सिस्ट म्हणतो. नुसती सिस्ट मायक्रोस्कोपखाली बघून हा कोणता, ते जगातला कुठलाही माणूस सांगू शकत नाही. तरीही सगळीकडे रिपोर्टवर बिनदिक्कत वाईट अमिबाचं नाव लिहितात. लिहिणाऱ्याला शंका नाही, वाचणाऱ्याला शंका नाही, आणि गोळ्या खाणाऱ्याला विचारतो कोण?

अशा दिवसांत विमलबाई आल्या.

मी जिना चढून वर येत होते. मधल्या पायरीवर एक बाई कठड्याला धरून बसली होती. चाळिशीची असेल. धापा टाकत होती. मला वाटलं, हृदयाची पेशंट. मी विचारलं, “कुठे जायचंय?”

“झाडा तपासाले,” ती म्हणाली.

बोली ऐकून मी थांबले. अहिराणी कानावर पडली की पाय आपोआप थांबतात. हाताला धरून वर आणलं, पाणी दिलं. तिने पिशवीतून एका खासगी लॅबचे दोन रिपोर्ट काढले. दोन्हीवर अमिबाचं नाव आणि पुढे ‘सिस्ट सीन’, म्हणजे सिस्ट दिसली, असं छापलेलं.

विमलबाई कतारगामला हिऱ्याच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायच्या. डिंडोलीहून पहाटेच निघायच्या. नवरा वारलेला, मुलगी कॉलेजात. दीड महिन्यापूर्वी कारखान्यात जुलाबांची साथ आली. कारागीर पटापट आजारी पडले. मालकांनी एक लॅब बोलावली आणि फक्त स्वयंपाकघरातल्या माणसांची तपासणी केली. विमलबाईंचा रिपोर्ट ‘सिस्ट सीन’ आला, बाकीच्यांचे स्वच्छ. त्याच संध्याकाळी त्यांना घरी पाठवलं. रिपोर्टचा फोटो कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, खाली कुणीतरी ओकारीचं चित्र टाकलं. त्यांना सांगितलं, बरी हो, स्वच्छ रिपोर्ट आण, मग बघू. त्यांनी गोळ्यांचा कोर्स घेतला. तोंडाला पंधरवडाभर लोखंडाची चव. पुन्हा तपासलं, पुन्हा ‘सिस्ट सीन’. तोवर गल्लीत बातमी पोचली होती. बचत गटाच्या बैठकीत बायकांनी त्यांच्या हातचा चहा घेतला नाही.

“माले जुलाब नही, उलटी नही, पोट बी दुखत नही,” त्या म्हणाल्या. “मंग माले कसाले काढं व ताई?”

मला जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, मग मला का काढलं? साधा प्रश्न. पण त्यांना तपासणाऱ्यांपैकी कुणीही तो स्वतःला विचारला नव्हता.

मी त्यांना डबी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताजा नमुना आणायला सांगितलं. त्या उठल्या तेव्हा मी सहज त्यांची खालची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. चुन्यासारखी पांढरी. विचारलं तर म्हणाल्या, कधीपासून थकवा आहे, भाजलेली माती खावीशी वाटते, लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नमुना तिन्ही पद्धतींनी लावला. साध्या स्लाइडवर चार केंद्रकांची सिस्ट दिसली. म्हणजे त्या लॅबने पाहिलं ते होतं. पण अमिबाच्या किटची, जी फक्त वाईट अमिबा ओळखते, खाच पांढरीच राहिली. जिआर्डियाचीही पांढरी. आणि घट्ट केलेल्या गाळात मला हुकवर्मची अंडी दिसली. लांबट, काचेसारखं पातळ कवच, आत पेशींचे पुंजके. एक नाही, जिकडे सरकवावं तिकडे.

मी खुर्चीतून उठून मॅडमकडे गेले. त्यांनी येऊन पाहिलं. बराच वेळ डोळा काढला नाही.

“हिच्या पायांत चप्पल नसायची का कधी?” त्यांनी विचारलं.

विमलबाईंना विचारलं. कॅन्टीनला लागायच्या आधी त्या बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जायच्या. अनवाणी. हुकवर्म मातीतून, पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं रक्त पितो. म्हणून जिना चढवत नव्हता, म्हणून माती खावीशी वाटत होती. आणि मुख्य गोष्ट अशी की हा जंत स्वयंपाकातून कुणाला लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, “जे हिला आजारी करतंय ते दोन्ही वेळा कुणाला दिसलं नाही. जे हिचं काही करत नाही त्याच्यावरून हिची नोकरी घेतली.”

मला तेव्हाच त्या रिपोर्टांचे तुकडे करावेसे वाटले. पण मॅडम सावध बाई. म्हणाल्या, किटसुद्धा चुकते. सिस्ट असेल आणि आत जागा झालेला अमिबा नसेल तर किटला कळत नाही कधी कधी. त्यांनी आणखी दोन नमुने घ्यायला लावले आणि बाहेरगावच्या एका मोठ्या कॉलेजच्या लॅबला पीसीआरसाठी पाठवले. कोरोनामुळे पीसीआर हा शब्द भाजीवालीलाही पाठ झाला आहे, पण पोटातल्या जंतूंसाठी तो करतात हे पुष्कळ डॉक्टरांनाही आठवत नाही, कारण जवळपास सोय नाही. तिथून उत्तर आलं, निरुपद्रवी अमिबा. वाईट अमिबा नाही.

उत्तराची वाट बघत होतो त्याच दिवसांत आमच्या ओपीडीतून एक कारागीर आला. जयेशभाई, मूळचा सौराष्ट्राकडचा. चिठ्ठीवर कारखान्याचं नाव पाहून मी कान टवकारले. विमलबाईंचाच कारखाना. पोट फुगलेलं, आंबट ढेकर, जुलाब थांबेनात. नमुना अजून गरम होता. स्लाइड लावली आणि जिआर्डिया दिसला. नासपतीच्या आकाराचा, झाडावरून पान गळून पडावं तसा हेलकावे खात पोहणारा. त्याच्या अंगात दोन केंद्रकं असतात, ती डोळ्यांसारखी दिसतात.

जयेशभाई खिडकीतून डोकावत होता. हिऱ्याचं काम करणारा माणूस, आयग्लासच्या भिंगातून बघण्याची सवय. म्हणाला, “बेन, मने जोवा दो ने.” मी बघू दिलं. एका क्षणात त्याने फोकस साधला आणि दचकून मागे झाला.

“आ तो सामुं जुए छे!” हा तर माझ्याकडेच बघतोय!

मी हसले. मग विचारलं, “अजून कोण कोण आजारी आहे?”

त्याने सांगितलं, अर्धं खातं आजारी होतं. त्या स्वयंपाकीण बाईमुळे झालं, तिला काढून टाकलं. आता जरा कमी आहे. मग स्वतःच बोलून गेला की पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या बाजूची गटारलाइन फुटली होती, साहेबांनी रविवारी गुपचूप टाकी साफ करून घेतली.

मी त्याला म्हटलं, तुझ्या ओळखीचे जे अजून आजारी असतील त्यांना पाठव. चार-सहा जण आले. बहुतेकांत जिआर्डिया. साध्या स्लाइडवर ज्यांच्यात निसटला त्यांच्यात किटने पकडला. अमिबा एकाच्याही पोटात नव्हता. विमलबाईंच्या तिन्ही नमुन्यांत जिआर्डियाचा मागमूस नव्हता. आजार एका प्राण्याचा, शिक्षा दुसऱ्याच्या नावावर, आणि तो दुसराही चुकीचा ओळखलेला. आजारी माणसांची तपासणी कुणी केलीच नव्हती. केली असती तर बोट टाकीकडे गेलं असतं.

पीसीआरचं उत्तर आल्यावर मॅडमनी इस्पितळाच्या कागदावर सगळं स्वच्छ भाषेत लिहून दिलं. मी म्हणाले, मी विमलबाईंबरोबर जाते. टेक्निशियनने पेशंटबरोबर नोकरी मागायला जायचं नसतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “आज तुमची अर्धी रजा लिहिते.”

कारखान्याच्या ऑफिसात एसी होता. मॅनेजर तरुण, गोड बोलणारा. आम्हाला बसवलं, सीलबंद पाण्याच्या बाटल्या पुढे ठेवल्या. विमलबाई माझ्या कानाशी म्हणाल्या की आधी ऑफिसातसुद्धा टाकीचंच पाणी असायचं.

मी समजावून सांगितलं. दोन अमिबांचं, हुकवर्मचं, जिआर्डियाचं. त्याने मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाला, “बेन, मैं आपकी बात मानता हूँ. सौ टका. पण कारीगर लोग नहीं मानेंगे.”

“ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकलात. तसाच हाही टाका.”

तो हसला. पेन टेबलावर फिरवत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “इसका नहीं था, तो बीमारी आई कहाँ से, ये मुझे शेठ को बताना पड़ेगा ना?”

इतकं सरळ तो बोलेल असं मला वाटलं नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं. टाकी साफ करवून घेणारा तोच. मी म्हटलं, “मग सांगा ना. टाकीतून आली म्हणून सांगा.”

“बेन, मारी पण नोकरी छे.”

मग त्याने उपकार केल्यासारखं सुचवलं की विमलबाईंना सफाईच्या कामावर ठेवता येईल, स्वयंपाकघरापासून लांब. मी बोलायच्या आत विमलबाई उठल्या. त्यांना उठताना अजूनही दम लागत होता.

“जठे मन्हा हातनं खावाले लोकेसले भ्याव वाटस, तठे मी झाडू कसाले मारू?”

त्याला अहिराणी कळली नाही. मीही भाषांतर केलं नाही. आम्ही निघालो. पाण्याच्या बाटल्या टेबलावर तशाच राहिल्या.

परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मीच बडबडत होते, पालिकेत तक्रार करू, त्या लॅबला नोटीस देऊ. त्या म्हणाल्या, “ताई, तुमनाकडे राग शे. मन्हाकडे पोरगी शे.” तक्रार मी केली, माझ्या नावाने. माणूस येऊन टाकीचं पाणी घेऊन गेला. टाकी तोवर आरशासारखी स्वच्छ होती. त्या खासगी लॅबमध्येही गेले. तिथला मुलगा म्हणाला, आम्ही सिस्ट पाहिली, सिस्ट लिहिली, खोटं काय लिहिलं? खोटं लिहिलं नव्हतं. पुढे कोणता अमिबा ते कळत नाही, एवढं एक वाक्य फक्त लिहिलं नव्हतं. त्या वाक्याला जागाच नाही, असं म्हणाला. छापील नमुना ठरलेला असतो.

आमच्या इस्पितळात मॅडमनी ते वाक्य सुरू केलं. ‘या पद्धतीने रोगकारक आणि निरुपद्रवी अमिबा वेगळा ओळखता येत नाही.’ पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या डॉक्टरांचे फोन आले. “हा के ना, एटलुं लखो ने! हो की नाही एवढंच लिहा! पेशंटला काय सांगायचं?” मी फोनवर म्हणायचे, पेशंटला खरं सांगा. ते फोन ठेवून द्यायचे. तिन्ही पद्धतींची आमची तुलना मॅडमनी ट्रस्टींपुढे ठेवली. त्यांनी कौतुक केलं. मग किट बंद झाली, आणि घट्ट करून तपासायची पद्धत डॉक्टरने मुद्दाम लिहिलं तरच करायची असं ठरलं. मुद्दाम कोण लिहितं? ज्याला हुकवर्मची शंका आली तोच. आणि साध्या स्लाइडवर काही दिसलं नाही की शंका येत नाही.

विमलबाईंना जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. दोन-तीन महिन्यांत त्या जिना न थांबता चढून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून स्वतःच पापणी खाली ओढून दाखवली. लाल. माती खायची इच्छा गेली होती. आता त्या डिंडोलीत लूमवाल्या मुलांसाठी डबे करतात. त्यातल्या कुणाला तो ग्रुप माहीत नाही. कारखान्याच्या बाजूला त्या पुन्हा गेल्या नाहीत, आणि त्या ग्रुपवर नवा रिपोर्ट कधी पडला नाही. कतारगामच्या त्या लोकांसाठी जुलाब पसरवणारी बाई आजही त्याच आहेत.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, ते सांगून थांबते. त्या मॅनेजरने पुढच्या वर्षी कॅन्टीनच्या माणसांची तपासणी आमच्या इस्पितळाकडे दिली. म्हणाला, तुमचं काम फार खोलात असतं. ट्रस्टी खूश. नवी स्वयंपाकीण माझ्याच खिडकीशी आली. परभणीकडची, पंचविशीची, सुनीता नावाची. मी नमुना डॉक्टरने लिहिलेला नसतानाही घट्ट करून तपासला. जंत नव्हते. साध्या स्लाइडवर मात्र चार केंद्रकांची सिस्ट होती, विमलबाईंच्या होती तशीच. अमिबाची एक किट फ्रीजमध्ये उरली होती. खाच पांढरी राहिली. मॅडमनी सही करताना आमचं ते वाक्य ठळक अक्षरांत टाकलं आणि खाली लिहिलं, लक्षणं नाहीत, कामावर राहण्यास हरकत नाही.

मॅनेजरने ते मुकाट्याने मान्य केलं. या वेळी कारखान्यात कुणी आजारी नव्हतं, त्यामुळे खापर फोडायला त्याला कुणाची गरज नव्हती.

सुनीता रिपोर्ट घ्यायला आली. तो उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, “ताई, माझ्याआधी तिथं एक बाई होती म्हणे. तिला कसला तरी वाईट रोग होता. काय झालं होतं हो तिला?”

खिडकीपाशी रांग होती. सगळे ऐकत होते. मी उभी राहिले आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात सांगितलं,

“तिला तसलं काही झालं नव्हतं. टाकीला झालं होतं.”